लक्ष टिकत नाही? फोन हिसकावण्याआधी हे टप्पे क्रमाने करा

सोलापुरात मी अभ्यासिका चालवतो. दहावी-बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षेवाले, त्यांना सोडायला येणारे पालक आणि कधी आजोबा, या सगळ्यांची तक्रार एकच असते: बसवत नाही, लक्ष टिकत नाही. उपायही सगळे एकच करतात. रविवारी चिडून मुलाचा फोन काढून घेतात. सोमवारी शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ येतो, म्हणून तो परत द्यावा लागतो. आठवडाभरात सगळं पूर्ववत होतं आणि ‘याचं लक्षच नाही’ असा शिक्का मुलावर बसतो. चाळिशीतले वडील आणि सत्तरीतले आजोबा त्याच खोलीत रील बघत असतात, पण नियम त्या एकट्यालाच.

इथे गडबड होते ती क्रमाची. आधी मोजणी, मग शरीर, मग फोनची जागा, मग फोनच्या आतलं आणि सराव सगळ्यात शेवटी. लोक सरावापासून सुरुवात करतात आणि तिथेच थकतात. साधारण सहा आठवडे हाताशी ठेवा.

आधी हे डोक्यात पक्कं करा

‘माणसाचं लक्ष आता ८ सेकंद टिकतं, माशापेक्षाही कमी’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या २०१५च्या एका अहवालामुळे तो आकडा जगभर पसरला. त्याच्यामागे खरा अभ्यास सापडत नाही. तो विसरा.

प्रत्यक्ष मोजलेले आकडे वेगळे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी काम करणारी माणसं एका स्क्रीनवर किती वेळ थांबतात ते वर्षानुवर्षं नोंदवलं. २००४ साली सरासरी अडीच मिनिटं होती, २०१२ला ७५ सेकंद, आणि नंतरच्या वर्षांत साधारण ४७ सेकंद. हा आकडा माणूस किती लवकर दुसरीकडे वळतो ते सांगतो. तो किती वेळ टिकू शकतो, हे त्यातून कळत नाही. वळण्याची सवय बदलता येते, म्हणूनच पुढचे टप्पे करण्यात अर्थ आहे.

आता वय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १० ते ७० वर्षांच्या दहा हजारांहून जास्त लोकांची एकाग्रता तपासली होती. एका कामावर लक्ष धरून ठेवण्याची ताकद किशोरवयात झपाट्याने वाढते, चाळिशीच्या सुरुवातीला, त्रेचाळिशीच्या आसपास, सर्वात जास्त असते आणि मग हळूहळू उतरते. मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. म्हणजे फोन नसता तरी सोळा वर्षांच्या मुलाकडून वडिलांइतकी बैठक मागणं चुकीचं आहे. उतारवयात विचारांचा वेग कमी होतो आणि आजूबाजूचा गोंगाट बाजूला सारणं जड जातं. पण वयस्कर माणसांचं मन तरुणांपेक्षा कमी भरकटतं, असंही अभ्यासांत दिसलं आहे. टीव्ही बंद असलेल्या खोलीत आजोबा वर्तमानपत्र घेऊन नातवापेक्षा जास्त वेळ बसू शकतात.

टप्पा १: तीन दिवस फक्त मोजा

या तीन दिवसांत काहीही बदलायचं नाही. फोन काढून घ्यायचा नाही, ओरडायचं नाही, उपदेशही नाही. बदल केलात की मोजणी खोटी होते.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर घरातल्या प्रत्येकासाठी एक रकाना आखा. प्रत्येकाने रोज करायचं आणि डोकं लागणारं एकच काम निवडावं: मुलाने धडा वाचणं, वडिलांनी दुकानाचा हिशेब, आजींनी पोथी. सुरू केल्याची वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहा. काम पहिल्यांदा सुटलं की वेळ लिहा आणि पुढे एक शब्द लिहा: ‘बाहेरून’ किंवा ‘आतून’. फोन वाजला, दारावर कुणी आलं, कुणी हाक मारली तर बाहेरून. हात आपोआप फोनकडे गेला, कंटाळा आला, भलताच विचार सुरू झाला तर आतून. हा एक शब्द पुढे फार कामाला येतो, कारण दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

फोनची नोंदही घ्या. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधलं ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ उघडा. सगळे तिथे तासच बघतात. तासांत ऑनलाइन क्लास येतो, नकाशा येतो, पुण्यात नोकरी करणाऱ्या ताईशी केलेला व्हिडिओ कॉलही येतो. त्याऐवजी दिवसात फोन किती वेळा उघडला तो आकडा टिपून ठेवा. लक्ष किती वेळा तुटलं त्याचा अंदाज त्यातून जास्त चांगला येतो.

दिवस साधे निवडा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असताना, घरात लग्न असताना, परीक्षेच्या आठवड्यात किंवा नळाला पाणी यायच्या दिवशी मोजू नका. घागरी-बॅरल भरायच्या धावपळीत कुणाचंच लक्ष जागेवर नसतं.

*सावधान:* ‘गेम दोन दोन तास खेळतो, म्हणजे लक्ष आहे की!’ असं धरू नका. गेम आणि रील तुम्हाला स्वतःच ओढून ठेवतात. आपण मुद्दाम धरून ठेवायचं लक्ष वेगळं, आणि आपल्याला तेच मोजायचं आहे. याच्या उलट, विड्या वळताना किंवा शिलाई करताना एखादी बाई मालिका बघत असेल तर त्यात दोष काढू नका. हात सवयीने चालतात. तिची मोजणी विड्या मोजून देताना किंवा मजुरीचा हिशेब तपासताना करा.

*तपासा:* सुरू केल्यापासून सुटेपर्यंतची मिनिटं काढा, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावा आणि मधली नोंद उचला. तीन दिवसांच्या नोंदी ४, ७, २० अशा असतील तर आकडा ७ मिनिटं. सर्वात चांगला दिवस धरला तर पुढे सरावात रोज हार होईल.

टप्पा २: शरीराची बाजू बघून घ्या

हा टप्पा लोक गाळतात आणि महिनाभर फोनला दोष देत बसतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप लागते. ती सहावर आली असेल तर दुसरा कुठलाही उपाय चालणार नाही, आधी झोप. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर वाचताना डोकं दुखतं आणि मूल पुस्तक सोडतं. घरच्यांना वाटतं, कंटाळा केला.

साठीच्या पुढे कान तपासून घ्या. ऐकू कमी येणारा माणूस बोलण्यात रस घेणं सोडून देतो आणि फोनमध्ये शिरतो. थायरॉईड, बी-१२ची कमतरता, साखर, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या, नैराश्य, यांतल्या कशानेही लक्ष विस्कळीत होतं. साध्या रक्ततपासणीतून यातलं बरंच कळतं.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता कुणाचंच लक्ष लागणार नाही. उन्हाळ्यात बैठक पहाटे किंवा सकाळी नऊच्या आत ठेवा.

*सावधान:* वयस्कर माणसाचं लक्ष दोन-चार दिवसांतच अचानक ढासळलं, बोलणं असंबद्ध झालं, दिवस-रात्र कळेना, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ‘मोबाइलमुळे झालं असेल’ म्हणून थांबू नका.

टप्पा ३: फोनची जागा बदला

सगळ्या टप्प्यांत सर्वात जास्त फळ देणारा टप्पा हाच, आणि सर्वात जास्त चुकाही इथेच होतात. ‘फोन पालथा ठेवला’, ‘सायलेंट केला’, ‘उशीखाली ठेवला’ याला जागा बदलणं म्हणत नाहीत. नोटिफिकेशनचा नुसता आवाज किंवा थरथर जाणवली, फोन हातात घेतला नाही, तरी कामातल्या चुका वाढतात, हे प्रयोगात दिसलं आहे. २०१७च्या एका अमेरिकी प्रयोगात तर फोन गप्प होता. तो टेबलावर असलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी डोकं लागणारी कामं चांगली केली. पुढे इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा परिणाम कमी-जास्त निघाला. तरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला एक रुपयाही लागत नाही, म्हणून मी यावर अडून बसतो.

नियम असा: बैठकीच्या वेळी घरातले सगळे फोन एकाच ठिकाणी, नजरेआड आणि हात पोचणार नाही असे. ‘सगळे’ या शब्दावर तडजोड नको. वडील सोफ्यावर व्हिडिओ बघत मुलाला ‘काय बघालास सारखं त्या मोबाइलवर?’ म्हणत असतील तर मूल फक्त एवढंच शिकतं की मोठं झालं की बघता येतं.

चाळीतल्या किंवा शहराच्या पूर्व भागातल्या एका खोलीच्या घरात दुसरी खोली कुठून आणायची? माळा चालतो. कपाटाचा वरचा कप्पा चालतो. झाकणाचा डबा घेऊन तो उंच फळीवर ठेवला तरी चालतो. उठून, हात उंच करून, झाकण काढावं लागलं पाहिजे. तेवढ्या वेळात ‘मी हे का करतोय’ हा प्रश्न मनात येतो, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

चार्जिंगची जागाही तीच करा. झोपायच्या खोलीतला चार्जर काढून टाका. लगेच कुणीतरी म्हणेल, गजर कसा लावायचा? गजराचं साधं घड्याळ विकत आणा. ही सबब घरोघरी ऐकू येते आणि त्या घड्याळापुढे ती संपते.

घरात एकच फोन असेल आणि मुलांचा अभ्यासही त्यावरच येत असेल तर ‘फोनवरचं काम’ आणि ‘अभ्यास’ वेगळे करा. ठरलेल्या वेळी ग्रुप उघडा, गृहपाठ वहीत उतरवून घ्या, फोन जागेवर ठेवा आणि मग बसा. मूल फोनमध्ये बघून वहीत लिहीत राहिलं तर प्रत्येक ओळीमागे एक मोह येतो.

रात्रपाळीला माणूस गेलेल्या घरी फोन बंद ठेवता येत नाही, हे मान्यच. फोन डब्याबाहेर, पण दुसऱ्या टोकाला ठेवा आणि रिंगचा आवाज पूर्ण वाढवा. आलेला फोन ऐकू आला पाहिजे, बाकी काही नाही.

*सावधान:* लूमवर किंवा कुठल्याही चालत्या यंत्रापाशी असाल तर इअरफोन आणि फोन दोन्ही दूर ठेवा. इथे प्रश्न अभ्यासाचा नाही, बोटांचा आहे.

*तपासा:* चार दिवसांनी कागद काढा. ‘बाहेरून’ हा शब्द जवळजवळ गेला पाहिजे. गेला नसेल तर पुढे सरकू नका, जागा अजून चुकते आहे.

टप्पा ४: फोनच्या आतली साफसफाई

इथे अर्धा तास लागतो, एकदाच. माणसांकडून येणाऱ्या सूचना ठेवा, यंत्राकडून येणाऱ्या बंद करा. कॉल, मेसेज, बँक आणि यूपीआय चालू. खरेदीची ॲप, बातम्या, गेम आणि ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणणारी सगळी बंद. व्हॉट्सॲपवरचे ग्रुप ‘कायम म्यूट’ करा, शाळेचा आणि सोसायटीच्या पाण्याचा सोडून.

‘डू नॉट डिस्टर्ब’ लावताना घरच्या माणसांना सूट द्या आणि पुन्हा लगेच फोन आला तर वाजू द्यायचा पर्याय चालू ठेवा. हे न केल्यामुळे घाबरून लोक सगळंच परत चालू करतात.

यूट्यूबची आधीची हिस्टरी पुसून वॉच हिस्टरी बंद केली तर पहिल्या पानावरच्या शिफारशी जातात. मग हवा तो व्हिडिओ शोधूनच काढावा लागतो. गणिताचा क्लास यूट्यूबवर असलेल्या मुलांसाठी ॲप काढून टाकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा. आजी-आजोबांच्या फोनमध्ये हे बदल त्यांच्यासमोर बसून, विचारून करा. गुपचूप केले तर त्यांना वाटतं फोन बिघडला, आणि शेजारच्या पोराकडून ते सगळं पुन्हा चालू करून घेतात.

टप्पा ५: आता सराव, ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे

पहिल्या टप्प्यात निघालेला आकडा घ्या. पहिला आठवडा तेवढ्याच वेळाच्या बैठका. आकडा ७ असेल तर ७ मिनिटं काम, दोन मिनिटं उठणं, पुन्हा ७ मिनिटं. सलग तीन दिवस सुटलं नाही तर दोन मिनिटं वाढवा. आज सात आणि उद्या एकदम चाळीस, असं केलं की सराव मोडतो.

मधल्या सुट्टीत फोन नको. पाणी प्या, गच्चीवर जा, जिना उतरून चढा. सुट्टीत एक रील पाहिली की पुढच्या बैठकीची पहिली काही मिनिटं तीच डोक्यात फिरत राहते. अभ्यासिकेत हे मी रोज बघतो. चहाला जाताना फोन घेऊन जाणारी मुलं परत आल्यावर बराच वेळ नुसती पानं उलटतात.

पाच वर्षांखालच्या मुलांना बैठक वगैरे काही लावू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१च्या सूचनांनुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नको, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून. दोन ते पाच वर्षांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. घास भरवताना फोन धरणं आधी थांबवा. पहिले चार-पाच दिवस मूल कमी जेवेल आणि आजी कळवळतील. त्यांना आधीच सांगून ठेवा.

सहा ते बारा वयात बैठकीपेक्षा सोबत महत्त्वाची. आई-वडिलांपैकी कुणीतरी त्याच खोलीत स्वतःचं काम घेऊन बसावं. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंसुद्धा पुरे. वयाच्या प्रत्येक वर्षाला इतकी मिनिटं, असे ठोकताळे इंटरनेटवर मिळतात. त्यावर मुलाची परीक्षा घेऊ नका. आवडीचं काम आणि नावडतं काम यांत एकाच मुलाचा आकडा कितीतरी बदलतो.

तेरा ते वीस हे सर्वात अवघड वय आहे आणि इथे पालक सर्वात जास्त घाई करतात. बारावीचा पेपर तीन तासांचा, म्हणून मुलाने आजपासून तीन तास बसावं, हा हट्ट मी नेहमी ऐकतो. तीन तासांची बैठक परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत यावी. ऑगस्टमध्ये सलग पंचवीस मिनिटं खरी बसली तर उत्तम चाललंय असं समजा. नियम मुलाबरोबर बसून ठरवा, वेळा त्यालाच लिहू द्या, त्याच्याच अक्षरात. घरात शक्यच नसेल तर वाचनालयात जागा बघा. आपल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी आजूबाजूला सगळे वाचत असतात, तेव्हा फोन काढायचा संकोच वाटतो आणि तो संकोच फार उपयोगी असतो.

नोकरी-धंद्यातल्या माणसांची अडचण वेगळी असते. त्यांची ताकद वयाने सर्वात चांगली असते, पण दिवस तुकड्यांत जातो. गिऱ्हाईक, कॉल, मेसेज. त्यांनी दिवसातला एकच तास पक्का करावा, बहुधा दुकान उघडायच्या आधीचा, आणि हिशेब, कोटेशन, अर्ज अशी डोकं लागणारी कामं तिथे ठेवावीत. बाकी दिवस तुकड्यांतच जाणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

साठीच्या पुढच्यांसाठी नियम एकच: एका वेळी एक आवाज. टीव्ही चालू, फोनवर भजन आणि शेजारी नातवंडांचा दंगा, यात पोथीचं पान पुढे जात नाही आणि ‘आता वय झालं’ असं आजी स्वतःच म्हणू लागतात. टीव्ही बंद करा, दिवा चांगला लावा आणि मग मोजा. रोजचं चालणंही सोडू नका, कंबर तलावाकडे असो वा सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात, फोन खिशात आणि गप्प.

टप्पा ६: सुटलेलं लक्ष परत कसं आणायचं

लक्ष सुटणारच. सराव करणाऱ्याचंही सुटतं. ते सुटल्यावर स्वतःवर चिडण्यात पुढची दहा मिनिटं जातात, नुकसान खरं तिथे होतं. लूमवर धागा तुटला की कारागीर आधी लूम थांबवतो, गाठ मारतो आणि मगच पुन्हा चालू करतो. तसंच करा. पेन खाली ठेवा. मनात आलेला विचार बाजूच्या कागदावर दोन शब्दांत लिहा, ‘रिचार्ज’, ‘मित्राला उत्तर’. मग शेवटी वाचलेल्या ओळीच्या एक परिच्छेद मागे जाऊन सुरू करा.

तो कागद बैठक संपल्यावर उघडायचा. त्यातल्या निम्म्या गोष्टी तोवर बिनमहत्त्वाच्या झालेल्या असतात.

*तपासा:* आता ‘आतून’ हा शब्द मोजा. तो शून्यावर येणार नाही, यायला नकोच. दोन ‘आतून’मधलं अंतर वाढतंय का, एवढंच बघा.

टप्पा ७: घसरण आणि पुन्हा मोजणी

दिवाळीत, गड्ड्यात, क्रिकेटच्या मालिकेत सगळं मोडेल. मोडलं की पहिल्यापासून सुरुवात करू नका. फक्त तिसरा टप्पा, म्हणजे फोनची जागा, त्या रात्रीपासून परत लावा. बैठकीची मिनिटं निम्म्यावर आणा आणि पुन्हा चढवा.

ज्यांना जोरात सुरुवात हवी आहे, विशेषतः वीस वर्षांच्या पुढच्यांना, त्यांनी दोन आठवडे फोनवरचं इंटरनेट बंद करून बघावं. कॉल आणि साधे मेसेज चालू, कामापुरतं इंटरनेट संगणकावर. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांनी नेमकं हेच केलं, आणि त्यांची एकाग्रता जितकी सुधारली तो फरक साधारण दहा वर्षांच्या वयाच्या उताराएवढा होता. अनेकांना पूर्ण दोन आठवडे जमलं नाही, तरी एकंदरीत फायदा दिसला. आपल्याकडे यूपीआयशिवाय भाजीही घेता येत नाही, त्यामुळे त्या काळात खिशात सुटे पैसे ठेवा. याच कारणाने लोक दुसऱ्या दिवशी डेटा चालू करतात.

सहा आठवड्यांनी पहिल्या टप्प्यासारखेच तीन साधे दिवस मोजा, तेच काम घेऊन. आकडा वाढला असेल तर जागेचा नियम कायम ठेवा, बाकीचे सैल झाले तरी चालतील.

आकडा हललाच नाही तर मूल आळशी आहे असं म्हणू नका. बारा वर्षांच्या आधीपासून, घरी आणि शाळेतही, सहा महिन्यांहून जास्त काळ लक्ष न टिकणं, वस्तू हरवणं, अर्धवट सोडणं चालू असेल तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्या. जास्त फोन वापरणाऱ्या किशोरांमध्ये अशी लक्षणं थोडी जास्त दिसतात, पण फोनमुळे लक्षणं आली की लक्षणांमुळे फोन वाढला, हे घरी बसून ठरवता येत नाही. फोन काढल्यावर मूल मारायला धावत असेल, शाळा सोडत असेल किंवा रात्र रात्र जागत असेल तर तेही तज्ज्ञांचंच काम आहे. सुरुवात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकापासून करता येते. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरच्या मागचा तो कागद सोबत न्या. किती मिनिटांनी सुटलं, आतून की बाहेरून, झोप किती, फोन किती वेळा उघडला, हेच प्रश्न तिथे पहिल्यांदा विचारले जातील.